ऊन, सांवली आणि मलम

सूर्याला प्रातःकाळीं अर्घ्य द्यावें आणि माध्यान्हीं त्याची दृष्टि चुकवावी, या दोन्ही रीति आपल्या देशांत शेंकडों वर्षें एकत्र नांदत आल्या आहेत. ऊन जीवन देतें व जाळतेंहि, हें येथें कोणास निराळें शिकवावें लागत नाहीं. परंतु तें नेमकें काय बिघडवितें, या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक काळानें निराळें दिलें. आणि ज्याला ज्याचें भय वाटलें, त्यानें तेंच झांकलें. कोणी डोकें झांकलें, कोणी पाठीचा कणा झांकला, कोणी केवळ वर्ण राखला. आजच्या काळाचें भय कर्करोगाचें आहे, आणि आजचें झांकण म्हणजे बाजारांत सनस्क्रीन या नांवानें मिळणारा मलम. हा मलम लोक पुरेसा लावतात कीं नुसतीं बोटें फिरवितात, याची मोजदाद पाश्चात्य देशांत गेलीं चाळीस वर्षें चालली आहे. त्या मोजदादीचा आमच्या किनाऱ्यावर कोणता अर्थ होतो, हें ठरविण्यापूर्वीं या किनाऱ्यावरील सांवलीचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

मालवण हें विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १६ अंशांवर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत आणि पुन्हां ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आरंभीं सूर्य येथें माध्यान्हीं बरोबर माथ्यावर येतो व माणसाची सांवली त्याच्या पायांखालींच नाहींशी होते. ऑगस्टांत आभाळ भरलेलें असतें, म्हणून ती गोष्ट ध्यानांत येत नाहीं. मे महिन्यांत मात्र वाळू अनवाणी पायास टेकूं देत नाहीं. शिवाय कोरडी वाळू आपल्यावर पडलेल्या अतिनील किरणांपैकीं शेंकडा १५ च्या आसपास पुन्हां वर फेंकते, आणि समुद्राचा फेंस शेंकडा २५ च्या आसपास. म्हणजे छत्री धरली तरी खालून येणारें ऊन राहतेंच.

अशा ठिकाणीं पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या लोकांनीं दिवसाची वांटणीच तशी करून ठेविली होती. होड्या पहाटेच्या काळोखांत पाण्यांत लोटावयाच्या, उन्हें तापण्यापूर्वीं मासळी बाजारास लावावयाची, आणि दुपारीं माडाच्या बनांत किंवा झांपांच्या माटवाखालीं बसून जाळीं दुरुस्त करावयाचीं, हा गाबीत वस्तीचा जुना क्रम. बाजारास जाणारी स्त्री डोक्यावर चुंबळ व चुंबळीवर टोपली घेते. ओझें वाहण्याच्या त्या युक्तींतच चेहऱ्यावर व खांद्यांवर सांवली पडण्याची सोय आपोआप झालेली असते. सिंधुदुर्ग किल्ल्याचें बांधकाम १६६४ सालीं कुरटे बेटावर सुरू झालें. त्या किल्ल्यांत राजाराम महाराजांच्या काळीं स्थापन झालेलें शिवराजेश्वराचें मंदिर आहे. तेथील मूळ मूर्तीच्या मस्तकावर नेहमींच्या चित्रांतला जिरेटोप दिसत नाहीं. ती टोपी नावाड्याची, असें किनाऱ्यावरील लोक अभिमानानें सांगतात. दर्यावर वावरणाऱ्या माणसाचें पहिलें भूषण म्हणजे डोक्यावरचें आच्छादन, ही जाणीव त्या सांगण्यांत आहे.

तथापि या जुन्या व्यवस्थेस सोन्याचा मुलामा देण्याचें कारण नाहीं. रापण लागली म्हणजे दोर ओढणाऱ्यांस वेळेची निवड करतां येत नाहीं. उघड्या अंगानें, कंबरेस लंगोटी व डोक्यास फडकें एवढ्यावर, ते भर उन्हांत वाळूवर उभे राहतात. शिरोड्याच्या मिठागरांचें नांव १९३० च्या सत्याग्रहामुळें सर्वतोमुखीं झालें. पण मीठ पिकतें तेंच मुळीं कडक उन्हानें, आणि जेथें पिकाला ऊन हवें तेथें मजुराला सांवली कोठून मिळणार? मासळी वाळविणाऱ्या बायांचीहि तीच स्थिति. सांवली ही प्रथमपासून थोडीफार ऐपतीचीच वस्तु होती. ज्याला दुपारीं पडवींत बसणें परवडत असे, त्याच्या वांट्यास ती अधिक आली.

या किनाऱ्यावर युरोपियन आले ते उन्हाविषयीं आपलें निराळें शास्त्र घेऊन. वेंगुर्ल्यास डच लोकांची वखार १६३७ सालीं झाली; मालवण व वेंगुर्लें हीं बंदरें १८१२ सालीं इंग्रजांच्या हातीं गेलीं. पुढें एकोणिसाव्या शतकांत साहेब लोकांची अशी दृढ समजूत झाली कीं, उष्ण कटिबंधांतील सूर्यकिरण कवटी व कणा भेदून मज्जातंतूंवर आघात करितात. म्हणून भेंडाची टोपी आली, मानेवर रुळणारें कापड आलें, आणि पाठीच्या कण्यावर बांधावयाची गादीहि आली. अमेरिकन सैन्यांतील डॉक्टर चार्ल्स वुडरफ यांनीं १९०५ सालीं गोऱ्या माणसावर उष्ण देशांतील प्रकाशाचे परिणाम या विषयावर ग्रंथच लिहिला. त्याच मताच्या प्रभावाखालीं फिलिपाइन्स बेटांतील शिपायांना नारिंगी-तांबड्या रंगाचे आंतले कपडे घालून प्रयोग करण्यांत आला. १९१० सालीं त्याचा निकाल प्रसिद्ध झाला तेव्हां त्या कपड्यांचा उपयोग तर दिसला नाहींच, उलट ते अधिक उकडणारे ठरले. कण्याची गादी पुढें नाहींशी झाली आणि दुसऱ्या महायुद्धांत भेंडाच्या टोपीचाहि मान गेला. मौज ही कीं, टोपीमागील शास्त्र चुकीचें असलें तरी तिची रुंद कड चेहऱ्याच्या व डोळ्यांच्या उपयोगाची होती. शास्त्र खोटें ठरलें आणि त्याबरोबर ती कडहि गेली.

खरें कारण या अवधींत दुसरीकडे उलगडत होतें. १८०१ सालीं येना येथें रिटर यानें जांभळ्या रंगाच्या पलीकडील अदृश्य किरण शोधून काढले. १८८९ सालीं स्वीडनच्या विडमार्कनें दाखविलें कीं, कातडी भाजते ती उष्णतेनें नव्हे, याच किरणांनीं. १८९४ सालीं हँबुर्गचा त्वचावैद्य पॉल उन्ना यानें जुन्या खलाशांच्या चेहऱ्यावरील व हातांवरील जाड, डागाळलेल्या कातडीचें वर्णन केलें आणि तींतून उद्भवणाऱ्या कर्करोगाचा संबंध उन्हावाऱ्याशीं जोडला. पुढें १९२८ सालीं लंडनमध्यें फिंडले यानें उंदरांवर अतिनील किरण पाडून त्यांच्या कातडीवर अर्बुदें उत्पन्न करून दाखविलीं. अशा रीतीनें जो कर्करोग आज मुख्यतः समुद्रकांठच्या विलासी लोकांचा मानला जातो, त्याची पहिली ओळख दर्यावर्दी मजुरांच्या अंगावर पटली, ही गोष्ट आमच्यासारख्या किनाऱ्यावरील वाचकांनीं विसरूं नये.

दैवयोग असा कीं, हें ज्ञान वाढत असतांनाच युरोपांत उन्हाची फॅशन सुरू झाली. फिन्सेन यांस प्रकाशचिकित्सेबद्दल १९०३ चें नोबेल पारितोषिक मिळालें, क्षयरोग्यांसाठीं आल्प्स पर्वतांत सूर्यस्नानाचे आश्रम निघाले, आणि जो रापलेला वर्ण पूर्वीं शेतमजुराची खूण होता तोच फुरसतीची व आरोग्याची खूण ठरला. अशा लोकांना ऊन टाळावयाचें नव्हतें. ऊन घ्यावयाचें होतें आणि भाजणें तेवढें टाळावयाचें होतें. त्यांच्यासाठीं मलम निघाला. १९३५-३६ च्या सुमारास फ्रान्समध्यें यूजेन श्यूलेर यानें उन्हांत लावण्याचें तेल बाजारांत आणलें. फ्रान्झ ग्रायटर यानें १९४६ सालीं हिमनदीचें नांव दिलेला मलम काढला, आणि १९७४ सालीं त्यानेंच एस्. पी. एफ्. हा अंक प्रचारांत आणला. या अंकाचा अर्थ इतकाच कीं, उघडी कातडी जितक्या किरणांनीं लाल होते त्याच्या कितीपट किरण मलमाखालील कातडीस लाल होण्यासाठीं लागतात.

येथें एक गोम आहे, आणि सगळी गोष्ट तिच्यावरच अडते. हा अंक प्रयोगशाळेंत काढतात तेव्हां प्रत्येक चौरस सेंटिमीटर कातडीवर २ मिलिग्रॅम मलम पसरतात. मध्यम बांध्याच्या माणसाचें सर्वांग या हिशेबानें माखावयाचें तर एका वेळीं ३० ते ३५ ग्रॅम मलम लागतो, म्हणजे जुन्या वजनानें जवळजवळ तीन तोळे. पन्नास ग्रॅमची नळी अशानें दोन वेळांसहि पुरावयाची नाहीं. आणि घाम व पाणी यांमुळें मलम दर दोन तासांनीं पुन्हां लावावा लागतो. प्रत्यक्षांत लोक लावतात किती? १९८५ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं मोजलें, तेव्हां माणसें सुमारें निम्माच मलम लावतात असें आढळलें. पुढील पाहण्यांत तर हें प्रमाण पुष्कळदां चतुर्थांशापर्यंत खालीं आलें. नळीवरील अंक ३० असला तरी अंगावरील अंक मग त्याच्या बराच खालीं उतरतो. प्रमाण कमी पडतें, तशीच जागाहि सुटते. लिव्हरपूल येथें २०१९ सालीं ८४ माणसांना चेहऱ्यास मलम लावावयास सांगून अतिनील किरणांच्या कॅमेऱ्यानें पाहिलें, तेव्हां चेहऱ्याचा सुमारें शेंकडा ११ भाग सुटलेला दिसला. तेंच संरक्षक गुण असलेलें रोजचें प्रसाधन लावलें असतां शेंकडा १६ हून अधिक सुटला. सर्वांत जास्त सुटल्या त्या पापण्या. पापण्यांची कातडी सर्वांत नाजूक आणि कर्करोगाचा धोकाहि तेथें कमी नाहीं. पण मलम डोळ्यांत जाऊन झोंबतो, म्हणून माणूस बोट आंखडतें घेतो.

याहूनहि विचार करण्यासारखा एक प्रयोग १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. फ्रेंच व स्विस तरुणांचे दोन गट करून एकास १० अंकाचा व दुसऱ्यास ३० अंकाचा मलम, कोणता कोणास हें न सांगतां, देण्यांत आला. सुट्टी संपल्यावर हिशेब केला तों अधिक अंकवाले सरासरीनें ७२ तासांहून अधिक वेळ उन्हांत राहिले होते आणि कमी अंकवाले सुमारें ५८ तास. ढाल जाड मिळाली म्हणजे माणूस रणांत अधिक वेळ उभा राहतो. तरी यावरून मलम निरुपयोगी ठरत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील नँबोर गांवीं १९९२ पासून १९९६ पर्यंत १,६२१ माणसांवर परीक्षा झाली. ज्यांनीं डोकें, मान व हात यांस रोज नेमानें मलम लावला त्यांच्यांत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाच्या गांठी सुमारें शेंकडा ४० नीं कमी झाल्या, आणि कृष्णार्बुद नांवाचा घातक प्रकारहि पुढील दहा वर्षांत निम्म्यावर आला. त्यांतलें मर्म 'रोज' या शब्दांत आहे. सणासुदीला उटणें लावावें तसा सहलीपुरता लावलेला मलम आणि दांत घासण्याइतक्या नित्याच्या संवयीनें लावलेला मलम, यांचें फळ एक नाहीं.

हें सर्व झालें गोऱ्या लोकांचें. आमच्या लोकांपुढील प्रश्न निराळा आहे, आणि तो निराळा आहे हें ओळखण्याची दृष्टि आम्हांस एका मराठी शास्त्रज्ञानेंच दिली. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १८९५ सालीं दूर क्वेट्ट्यास झाला. पण त्यांच्या आडनांवांत वेंगुर्ले तालुक्यांतील खानोली गांव अजून बोलतें. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें व खानोलकर तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. १९४५ सालीं त्यांनीं व डॉ. सूर्याबाई यांनीं जो निबंध प्रसिद्ध केला त्यांत कंबरेवर धोतराच्या घट्ट निरीखालीं होणाऱ्या कर्करोगाचें वर्णन आहे. वर्षानुवर्षें एकाच जागीं कांचणारा व घांसणारा कापडाचा पीळ, हें त्याचें कारण. ज्या देशांत सूर्य इतका प्रखर तेथें त्वचेचा कर्करोग व्हावा आणि तो उन्हानें नव्हे तर धोतरानें, हा निष्कर्ष किती बोलका आहे! रोग माणसाच्या रीतिभातींतून उगवतो. म्हणून उपायहि परक्या पुस्तकांतून जसाच्या तसा उचलूं नये, ही त्यांतील शिकवण आहे.

आमच्या कातडींतील रंगद्रव्य हें जन्मजात इरलेंच आहे. फिलाडेल्फियाच्या संशोधकांनीं १९७९ सालीं मोजलें तेव्हां काळ्या त्वचेच्या बाह्यस्तराचा संरक्षक अंक सुमारें १३ भरला आणि गोऱ्या त्वचेचा तीनच्या थोडा वर. आमची सांवळी कातडी या दोहोंच्या मध्यें कोठेंतरी येते. म्हणूनच भारतांतील सर्व कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचा वाटा फार थोडा आहे; आणि सांवळ्या माणसास कृष्णार्बुद झालेंच तर तें बहुधा तळपायावर किंवा नखाखालीं होतें, जेथें उन्हाचा संबंध नाहीं. अनवाणी हिंडणाऱ्यानें तळपायावरील न भरणारें क्षत किंवा वाढता काळा डाग डॉक्टरांस दाखवावा, हें त्याला कोणत्याहि मलमाहून अधिक उपयोगाचें आहे.

मग आमच्या घरांतून हा मलम येतो कशासाठीं? खरें बोलावयाचें तर काळें होऊं नये म्हणून. मुंबईंत १९१९ सालीं 'अफगाण स्नो' निघाला, १९७५ सालीं 'फेअर अँड लव्हली' आली व २०२० सालीं तिनें आपलें नांव बदललें. या परंपरेच्याच फळीवर दुकानदार आज सनस्क्रीनची नळी मांडतो. आमच्या कायद्यानेंहि तिची गणना सौंदर्यप्रसाधनांत केली आहे, औषधांत नव्हे. वर्ण राखणें एवढाच हेतु असला म्हणजे वाटाण्याएवढा ठिपका गालांवर फिरवून समाधान होतें. कान, मान व ओठ यांची आठवण होत नाहीं. खोबरेल तेलाविषयींहि कोंकणांत मोठा भरंवसा आहे. २०१० सालीं रायपूर येथें प्रयोगशाळेंत त्याचा अंक सातआठ भरला, हें अलीकडे पुष्कळ सांगतात. परंतु तो अंक पातळ केलेल्या द्रावणाचा आहे, घामानें डबडबलेल्या अंगाचा नव्हे. खोबरेलानें कातडी मऊ राहील. ऊन अडेल अशा भरंवशावर कोणीं राहूं नये.

किनाऱ्यावरील माणसास ऊन खरोखर जेथें बाधतें ती जागा डोळा. बुबुळाच्या कडेवर वाढत जाणारा वडस आणि मोतीबिंदू यांचा उन्हाशीं संबंध शास्त्रानें मान्य केला आहे. १९८८ सालीं अमेरिकेंतील चेसापीक उपसागरांतील ८३८ दर्यावर्दी मासेमारांची तपासणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या डोळ्यांवर अतिनील किरण अधिक पडले त्यांच्यांत मोतीबिंदूचा एक प्रकार अधिक आढळला. डोळ्यांत मलम घालतां येत नाहीं. तेथें उपयोग होतो रुंद कडेच्या टोपीचा व चष्म्याचा. आमच्या होडींतला तांडेल आज शिरावर पुढें चोंच असलेली टोपी घालतो. ती कड चोहों बाजूंनीं असती तर कान व मानहि वांचली असती.

परंतु या किनाऱ्यावर, आणि महाराष्ट्रांतील कोणत्याहि गांवांत, कांहीं माणसें अशीं आहेत कीं ज्यांना तें जन्मजात इरलें मिळालेलेंच नाहीं. केस पांढुरके, कातडी गुलाबी, डोळे उजेडानें दिपणारे, अशीं हीं रंगद्रव्यहीन मुलें. लोक त्यांस कोड झालें असें समजतात, पंक्तींत दूर बसवितात, लग्नाच्या वेळीं कुजबुजतात. कोड निराळें आणि ही अवस्था निराळी. आणि स्पर्शानें यांपैकीं एकहि लागत नाहीं. १९७५ सालीं नायजेरियांतील अशा माणसांची तपासणी झाली तेव्हां वीस वर्षांवरील एकहि व्यक्ति त्वचेच्या कर्करोगापासून किंवा त्याच्या पूर्वचिन्हांपासून मुक्त आढळली नाहीं. तोच सूर्य आमच्यावरहि तळपतो. टांझानियांत किलिमांजारोच्या पायथ्याशीं अशा लोकांसाठीं तेथल्या तेथें मलम तयार करून तो त्यांना वांटतात, व त्यासोबत टोपी व लांब बाह्यांचा सदराहि वापरावयास शिकवितात. आमच्याकडे तोच मलम शृंगाराच्या फळीवर, शृंगाराच्या किंमतीस मिळतो. ज्याच्या वर्णानेंच त्याचें रक्षण केलें आहे तो गोरें होण्यासाठीं तो विकत घेतो. आणि ज्याच्या जीवाचाच त्यावर अवलंब आहे त्या मजुराच्या मुलाला तो परवडत नाहीं. लोक मलम कसा लावतात यापूर्वीं मलम कोणास मिळतो, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ सालीं निर्माण झाला व १९९७ सालीं पर्यटनजिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हांपासून दुपारच्या उन्हांत किनाऱ्यावर येणारा माणूस वाढला, आणि त्याच्यासाठीं होडी हांकणारा, त्याला समुद्राच्या तळाशीं नेणारा स्थानिक तरुणहि भर दुपारीं बाहेर राहूं लागला. दिवसाची जुनी वांटणी अशी मोडली. ती जशीच्या तशी परत येणार नाहीं. पण तिच्यांतील शहाणपण सोडण्याचें कारण नाहीं. आपली सांवली आपल्या उंचीहून आंखूड झाली म्हणजे झाडाखालीं जावें, हा नियम लहान मुलासहि समजतो. पातळ पांढरें सुती कापड भिजलें कीं त्यांतून किरण अधिक शिरतात, म्हणून पाण्यांत जाणाऱ्यानें दाट विणीचा, गडद रंगाचा सदरा घालावा. कापडास मात्रा मोजावी लागत नाहीं. तें जेवढें झांकतें तेवढें झांकतें. उरलेल्या उघड्या जागेसाठीं मलम, आणि तो लावावयाचा तर हात न आंखडतां लावावा.

आणि ज्या मुलाला कापड, टोपी व मलम या तिन्हींची सारखीच गरज आहे, त्याच्यासाठीं शाळेनें पहिल्या बांकावर पण खिडकीपासून दूर जागा द्यावी, सकाळची प्रार्थना व कवाईत त्याला सांवलींत करूं द्यावी, आणि सरकारी दवाखान्यानें त्याचा मलम औषध म्हणून फुकट द्यावा. एका मुलास वर्षभर पुरेल इतका मलम म्हणजे कांहीं मोठा खर्च नव्हे. पर्यटकांसाठीं जेट्ट्या व रस्ते बांधणाऱ्या जिल्ह्यास तो जड होऊं नये.